दोनशे सत्तर प्रती

हे सगळं घडलं दोन हजार बावीस साली. जूनमध्ये माझं पुस्तक आलं आणि डिसेंबर संपेपर्यंत गावात माझ्याशी बोलणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली. तेव्हा मी त्र्याहत्तर वर्षांची होते. तोंडावर विचारणारे थोडे, पाठीमागे बोलणारे फार. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. ज्यांना पटायचं त्यांना पटेल, बाकीच्यांची मी पर्वा सोडली आहे.

आमचं गाव चौसाळ्यापासून सात किलोमीटर आत. हमरस्त्यावरून वळलं की आधी सोयाबीनची शेतं, मग स्मशानभूमी, मग हायस्कूल. त्या हायस्कुलात मी पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी सात वर्षांची होते. माझ्याआधीची तीन लेकरं जगली नव्हती, म्हणून मला कुणाची नजर लागू नये असं दगडाबाई हे नाव ठेवलेलं. मला मूल नाही, मालक जाऊन बारा वर्षं झाली. शेजारच्या दोन खोल्यांत माझ्या धाकट्या भावाचा मुलगा जीवन राहतो. त्याच हायस्कुलात तो प्रयोगशाळेत परिचर होता, अकरा वर्षं, आणि अजून कायम झालेला नव्हता.

पुस्तक मी वह्यांवर लिहिलं होतं, चार वह्या. एका प्रकाशकाने त्या दोन वर्षं ठेवून घेतल्या आणि न उघडता परत केल्या, हे बांधलेल्या सुतळीवरूनच कळलं. दुसऱ्याने कळवलं, लेखन चांगलं आहे, पण माणसांची खरी नावं काढा. नावं काढायची असती तर मी लिहिलंच कशाला असतं?

जीवनची मुलगी ज्योत्स्ना तेव्हा नुकतीच बीडहून संगणकाचं शिकून आली होती. ती म्हणाली, "आजी, प्रकाशक लागतोय कशाला? आता आपलं आपण काढता येतं." चार महिने बसून तिने सगळं टाइप केलं. वेबसाइटवर स्वतःच्या नावाने खातं उघडलं, फाईल चढवली. कव्हरवर माझ्या आईचा फोटो टाकला, शाळेच्या कपिलधारच्या सहलीला मी तिला नेलं होतं तेव्हाचा. आतलं पहिलं पान बाबासाहेबांच्या फोटोचं. आमच्यात लग्नपत्रिका असो की दुकानाचं उद्घाटन, पहिला फोटो त्यांचा, हे काही ठरवावं लागत नाही.

मोबाईलवर वाचायचं ई-बुक त्याच दिवशी लागलं. छापील पुस्तकाची तऱ्हा वेगळी. कुणी मागितलं की कुठल्या तरी लांबच्या छापखान्यात तेवढीच एक प्रत निघते आणि कुरिअरने त्याच्या दारात जाते. घरात गठ्ठे नाहीत, गोदाम नाही.

"भाकरीसारखं हाय बघ," ज्योत्स्ना म्हणाली. "खाणारा बसला की टाकायची. आधी थापून न्हाई ठेवायच्या."

त्या पुस्तकातलं सातवं प्रकरण माझ्या आईचं, भिवराबाईचं. सगळं त्याच्यावरून झालं.

एकाहत्तर साली गावात हायस्कूल काढायचं ठरलं. रस्त्यालगत जागा हवी होती, आणि रस्त्यालगत आमचा हाडोळा होता. गावकीची कामं करायची म्हणून आमच्या पणज्याला मिळालेली दोन एकर जमीन. तेव्हाचे गावचे कारभारी आदिनाथराव आमच्या अंगणाबाहेर येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, बसलेही नाहीत. आई म्हणाली, "शाळा व्हत आसंल तर घ्या मालक. माझी पोरगी तिथं शिकवल, येवढं बगा." कागद बीडला झाले. आईने अंगठा दिला. कागद असे केले होते की जमीन आधी आदिनाथरावांच्या नावावर चढली आणि मग त्यांनी ती संस्थेला दान दिली. बहात्तरच्या जूनमध्ये शाळेच्या दारात संगमरवरी पाटी बसली. वर संस्थेचं नाव, खाली: जमीनदाते, आदिनाथराव. मी त्याच दिवशी नोकरीवर रुजू झाले. पाटी वाचली, आत गेले आणि हजेरीपटावर सही केली.

आई दर सव्वीस जानेवारीला झेंड्याला यायची. झेंडा झाला, पोरं पांगली की पाटीपाशी जायची आणि मला विचारायची, "दगडे, माझं नाव कंच्या वळीत हाय?"

पहिल्या वर्षी माझ्या तोंडून निघून गेलं, "वरच्या."

मग ती दर वर्षी वरच्या ओळीवरून बोट फिरवायची. एकोणीस वर्षं. मी शेजारी उभी राहायचे. एक्याण्णवला ती गेली, आपलं नाव तिथे आहे असं समजून गेली. मी पुढे निवृत्त होईपर्यंत गप्प राहिले आणि निवृत्तीनंतरही पंधरा वर्षं गप्प राहिले, कारण तोवर गप्प राहणंच अंगवळणी पडलं होतं. आईचं नाव आता कुठे तरी अक्षरात यावं, एवढ्यासाठी ते पुस्तक होतं. बाकी सगळी प्रकरणं त्याच्या सोबतीला.

ऑगस्टमध्ये रविराज आला. आदिनाथरावांचा नातू, संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव यांचा मुलगा. माझाच विद्यार्थी, सातवीत निबंधाऐवजी दुसऱ्याची वही द्यायचा. डिसेंबरात शाळेचा सुवर्णमहोत्सव होता, आदिनाथरावांचा अर्धपुतळा बसणार होता, आणि रविराजला निवडणुकीला उभं राहायचं होतं. गाडी दारात लावून तो खाटेवर बसला.

"बाई, किती प्रती काढल्या?"

"एकही नाही."

"वर्गात बी आशाच कोड्यात बोलायच्या तुमी. सरळ सांगा."

"सरळच सांगते. कुणी मागितली की तेव्हा छापतात. आज छापलेली एकही नाही."

तो हसला. "आजोबाची बदनामी करायला शिकलात, तसं खोटं बोलायला बी शिकलात का? घरात ठिवल्यात ना?" उठून त्याने माझ्या खोलीत डोकावलं. कोपऱ्यात पत्र्याची पेटी होती, तिला बुटाचं टोक लावलं. "ह्याच्यात काय हाय?"

"उघड की. माझं पांढरं लुगडं आहे, मयताला नेसवायचं. बघून घे, तुझ्या उपयोगाचं असलं तर."

ज्योत्स्ना दारातून म्हणाली, "काका, मोबाईलवर बी हाय पुस्तक."

"मोबाईलवर पुस्तक कोण वाचतंय गं? हितं लोक व्हिडिओ बी पुरता बघत न्हाईत." गाडीवर बसता बसता तो म्हणाला, "साठा काय, दोन दिवसात संपवतो."

त्याला काय करायचं आहे हे मला तेव्हाच समजायला हवं होतं, कारण आमच्याकडे ही फार जुनी रीत आहे. बीडच्या एखाद्या साप्ताहिकात पुढाऱ्याविरुद्ध काही छापून आलं की त्याचा माणूस सकाळी सातच्या आत चौसाळ्याच्या स्टँडवर हजर असतो. गठ्ठा एसटीतून उतरायचा अवकाश, रोख पैसे मोजून अख्खा उचलतो. आदिनाथरावांनी हे केलं, सुंदररावांनी केलं. गठ्ठे मळ्यात नेऊन पेटवायचे. बातमी गावात पोचतच नाही. मग संपादकही शहाणा होतो आणि पुढल्या खेपेला चार गठ्ठे जास्त पाठवतो.

रविराजने तेच केलं, फक्त मोबाईलवरून. आधी पन्नास प्रती मागवल्या. पान अजून "उपलब्ध" दाखवतंय म्हणून शंभर. तरी संपत नाही म्हणून आणखी एकशे वीस. तोवर माझं पुस्तक गेलं होतं एकोणीस जणांकडे, त्यातले सहा माझे पाहुणे. ज्योत्स्ना मोबाईल घेऊन धावत आली. मराठी आत्मचरित्रांच्या यादीत पुस्तक पहिल्या नंबरावर चढलं होतं, आणि वरती दिसतं म्हणून कुठले कुठले लोक ते मागवायला लागले होते. नागपूर, सोलापूर, एक तर थेट बेळगाव. खातं उघडलं की कुणी घेतलं ते कळत नाही, नुसता आकडा दिसतो. पण गावात कुरिअरची गाडी रोज सुंदररावांच्याच दारात थांबत होती. शेवटी तीन दिवस वेबसाइटवर "सध्या उपलब्ध नाही" असं आलं. का आलं ते आम्हालाही कळलं नाही, चौथ्या दिवशी गेलं. रविराजने मात्र त्या तीन दिवसांतच बापाला सांगून टाकलं होतं, साठा संपला.

पेट्या मळ्यात न्यायला जीवनलाच बोलावलं. तिथलं त्याने मला सांगितलं ते असं. सुंदररावांनी स्वतः एक प्रत काडी लावायला उचलली, उघडली, आणि पहिल्याच पानावर बाबासाहेब. त्यांनी काडी विझवली.

"आरं येड्या," मुलाला म्हणाले, "ह्याला आग लावली न् कुणी बघितलं तर उद्या बीड बंद व्हईल. तुझी निवडणूक जाईल चुलीत."

"रद्दीत देऊ मग."

"रद्दीवाला कोण हाय म्हाइताय का? म्हाळू. त्यांच्यातलाच."

तेव्हा पेट्या परत फिरल्या आणि शाळेच्या प्रयोगशाळेमागच्या खोलीत गेल्या. त्या खोलीची किल्ली जीवनकडे. मी आणि ज्योत्स्ना त्या दिवशी पोट धरून हसलो. जीवन हसला नाही. चहा न पिता उठून गेला. माझ्या ते लक्षात आलं नाही असं नाही. मी लक्ष दिलं नाही.

नोव्हेंबरात सुंदररावांनी मला शाळेच्या ऑफिसात बोलावलं. जीवन आधीच भिंतीशी उभा होता. चार लोकांत सुंदरराव मला बाई म्हणायचे. दार लावलं की लहानपणीची दगडी.

"बस," म्हणाले. मी उभीच राहिले. "दगडे, माझ्या बापाचं नाव घालवायला निगालीस?"

"मी माझ्या आईचं लिहिलंय."

"पन्नास वर्षं ह्याच शाळेचा पगार न् पेन्शन खाल्लीस. तवा आई आठवली न्हाई?"

मी टेबलाकडे बघितलं.

टेबलावर एक कागद होता. जीवनला कायम करण्याचा प्रस्ताव, शिक्षण खात्याकडे जायचा. सगळ्या सह्या होत्या, अध्यक्षांची जागा कोरी. "सातवं प्रकरण खोटं हाय म्हणून लिहून दे. ही सही आत्ता करतो."

"नाही देणार."

"मग उद्यापासून ह्यानं यायचं न्हाई."

जीवन जमिनीकडे बघत होता. चाळिशी ओलांडलेला माणूस, सालगड्याच्या पोरासारखा उभा. सुंदररावांनी बराच वेळ पेन फिरवलं आणि मग हळू आवाजात म्हणाले, "बरं, लिहू नको. पण त्या प्रती तूच जाळ. तुझ्या हातानं, तुझं पुस्तक. तुमच्यातल्यानं जाळलं तर कोण बोंबलतंय? रविराज मोबाईलवर घेईल. एक बी प्रत गावात राह्यला नको. जाळलीस की सही."

घरी आल्यावर जीवन पहिल्यांदा माझ्यावर ओरडला.

"आत्या, तुला इच्यारलं का मला लिहिताना? मी तिथं रोज जातो. रोज त्याचं तोंड बघतो. तुझी पेन्शन चालू हाय, तुला काय व्हणार? माझं वय निगून गेलं. मेलेल्या आजीचं नाव मोठं का माझ्या घरातला पगार?"

"बाबा, पणजीचं नाव ते आपलं बी नाव हाय," ज्योत्स्ना म्हणाली.

"तू गप. समदं तूच चढवलं त्या मोबाईलवर."

खरं होतं, मी त्याला विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात मी फार विचार केला असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. दुसऱ्या दिवशी ज्वारीचं पीठ मळताना मला ते सरळ दिसलं. सुंदररावांना प्रती हव्या होत्या. प्रती म्हणजे पुस्तक, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांच्या मुलाला पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं आणि त्याने ते मानलं नव्हतं. आता पुन्हा समजावून सांगायला मी त्यांची बांधील नव्हते.

मी जीवनला हाक मारली. "चल, जाळू."

ज्योत्स्ना माझ्यासमोर आडवी झाली. "आजी, तू जाळणार? त्यांच्या कॅमेऱ्यापुढं? आपली माणसं काय म्हणतील?"

"कागद आहेत गं. तूच म्हणालीस ना, भाकरीसारखं."

"भाकर जाळत न्हाईत," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने कडी लावली.

प्रयोगशाळेमागच्या मोकळ्या जागेत, भर दुपारी, मी आणि जीवन फरशीवर बसलो. एकेका प्रतीचं पहिलं पान अलगद फाडून बाजूला ठेवायचं आणि उरलेली प्रत ढिगात टाकायची. बाबासाहेबांना आम्ही आगीत घालणार नव्हतो, कॅमेरा असो नाहीतर नसो. दोनशे सत्तर वेळा फाडलं. माझी बोटं सुजली. कव्हरवरची आई मात्र ढिगातच जात होती, तिला काढायला वेळ नव्हता आणि रविराज घाई करत होता.

"बाई, कॅमेऱ्याकडं बघा जरा. असं रडवेलं तोंड नको."

"मी रडत नाही. तू नीट मोज. गणितात कच्चा होतास."

त्याने मोजल्या. दोनशे सत्तर भरल्या. मी काडी लावली. कव्हरचा गुळगुळीत जाड कागद लवकर पेटत नाही, हे मला तेव्हा कळलं. कव्हरं काळी होऊन वळत राहिली आणि फार धूर झाला. संध्याकाळी सुंदररावांनी सही केली. शिक्षण खात्याची मान्यता डिसेंबरच्या नऊ तारखेला आली आणि जीवन कायम झाला.

सुवर्णमहोत्सव सतरा तारखेला. मला बोलावणं होतं, जुन्या शिक्षकांच्या रांगेत. पुतळ्यावरचा पडदा निघाला, भाषणं झाली. मग गर्दीतून उज्ज्वला आली. पंच्याऐंशीच्या बॅचची, आता पुण्यात वकिली करते. तिच्या हातात माझं पुस्तक होतं, कोरं करकरीत.

"बाई, सही द्या ना. सातवं प्रकरण मी दोनदा वाचलं."

सुंदरराव चार पावलांवर उभे होते. त्यांनी तिच्या हातून प्रत ओढूनच घेतली. उलटीपालटी केली. "ही कुठून आली?"

"मागवली. परवा आली," उज्ज्वला म्हणाली. "का हो काका?"

ते माझ्याकडे वळले. लोकांतही बाई म्हणायचं विसरले. "दगडे, तू जाळलीस ना?"

"दोनशे सत्तर. तुमच्या रविराजने मोजल्या."

"मग ही कोणती?"

"ही त्यानंतर छापली. कुणी मागितली की छापतात. मी ऑगस्टातच सांगितलं होतं, त्याला विचारा."

रविराज खाली बघत होता. सुंदररावांचा हात प्रतीसकट वर गेला, आणि मला वाटलं आता मारतात. पण शेजारी पाहुणे होते, फोटोवाला होता. त्यांनी प्रत उज्ज्वलाला परत दिली. मी सही केली. उज्ज्वलाला हे सगळं माहीत नव्हतं. कळल्यावर तिने नंतर फोन केला आणि जमिनीचे कागद कोणत्या साली झाले ते विचारून घेतलं.

रविराजने त्याच रात्री तो व्हिडिओ गावभर पाठवला, चाळीस सेकंदांचा. त्यात मी पान फाडताना दिसते आणि मग पुस्तकाला काडी लावताना. पान बाजूला ठेवताना दिसत नाही. सकाळी आमच्याच वस्तीतली कडूबाई, जिच्या तिन्ही मुलींना मी शिकवलं, माझ्या दारात येऊन म्हणाली, "बाबासाहेबांचं पान फाडलंस? कितीला इकली गेलीस?" जीवन ते दोनशे सत्तर फोटो घेऊन विहारात दाखवायला गेला. त्यामुळे लोक जास्तच भडकले. एवढी पानं फाडली म्हणाले.

आता कोणाचं काय झालं ते.

सुंदरराव चोवीसच्या उन्हाळ्यात गेले. मी मयतीला गेले नाही. रविराज संस्थेचा अध्यक्ष झाला. रस्त्यात भेटला की मोबाईल कानाला लावतो. शाळेच्या दारातली पाटी आहे तशीच आहे, शेजारी पुतळा आहे, पोरं त्याला दप्तरं अडकवतात. उज्ज्वलाने जमिनीच्या जुन्या कागदांच्या नकला काढायला अर्ज दिला. दोन वर्षांनी उत्तर आलं की त्या सालचं दप्तर सापडत नाही. बाबासाहेबांच्या फोटोची ती पानं विहाराच्या कपाटात आहेत. कडूबाई माझ्याशी बोलत नाही. बुद्धजयंतीची खीर ढवळायला मला बोलावत नाहीत, वाटी मात्र घरी पाठवतात.

जीवनचा पगार सुरू झाला. त्याने घरावर स्लॅब टाकला. रोज सकाळी मला दूध आणून देतो, उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि आत येत नाही. मीही ये म्हणत नाही.

ज्योत्स्ना जानेवारीतच पुण्याला गेली, तिथेच नोकरी करते. तेव्हापासून तिने मला एकदाही फोन केला नाही. पुस्तकाचं खातं तिच्या नावावर आहे, पासवर्ड तिच्याकडे. एक बटण दाबलं असतं तर तिला ते काढून टाकता आलं असतं. तिने काढलं नाही. दर तिमाहीला वेबसाइटकडून तिला किती प्रती गेल्या त्याचं पत्र येतं, ते ती मला व्हॉट्सअॅपवर पाठवते. खाली तिचं स्वतःचं एक अक्षर नसतं. मागच्या तिमाहीत अकरा गेल्या.